रिकामी रापण काय सांगते?

विजयदुर्ग किल्ल्यावर गेलात तर 'साहेबाचे कट्टे' कोणी ना कोणी दाखवतोच. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने इथे दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम शोधला, असं आपल्या जिल्ह्यात अभिमानाने सांगतात. १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. इतिहासातल्या नोंदी मात्र थोडं वेगळं सांगतात. त्या ग्रहणासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन आंध्रातल्या गुंटूरला आले होते. लॉकियर इंग्लंडमध्येच होते आणि त्यांनी ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली ती प्रसिद्ध पिवळी रेषा पाहिली. कट्ट्यावर कोणी का उभं असेना, खरी गंमत पुढे आहे. ती रेषा तेव्हा माहीत असलेल्या कुठल्याच मूलद्रव्याची नव्हती. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो थेट १८९५ मध्ये, विल्यम रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत. म्हणजे तब्बल २७ वर्षं हा पदार्थ फक्त ताऱ्यावर 'सापडलेला' होता!

आज शास्त्रज्ञ अशाच एका पदार्थाच्या मागे आहेत. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत तो अजून कोणाच्याही हाती लागलेला नाही. तेव्हा काही जणांनी विचार केला की पुन्हा एकदा ताऱ्यांनाच विचारून बघू. फक्त या वेळी तारा सूर्यासारखा जळता नाही, मेलेला आहे. पदार्थाचं नाव डार्क मॅटर, मराठीत कृष्णद्रव्य. आणि या शोधातलं एक महत्त्वाचं गणित आपल्या मुंबईत, कुलाब्याला मांडलं गेलं आहे.

न दिसणारं आहे कशावरून?

१९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या शास्त्रज्ञाने 'कोमा' नावाच्या दीर्घिकांच्या समूहाचा अभ्यास केला. त्यातल्या दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने तो समूह एकत्र राहूच शकला नसता. पुढे १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग मोजले. केंद्रापासून दूर जावं तसा वेग कमी व्हायला हवा, पण तो कमी होतच नव्हता. हिशेब जुळवायचा तर दिसणाऱ्या द्रव्याच्या सुमारे पाचपट न दिसणारं द्रव्य विश्वात आहे, असं मानावं लागतं.

'कृष्ण' म्हटलं की काळं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. पण काळी वस्तू प्रकाश अडवते, हे द्रव्य अडवतसुद्धा नाही. प्रकाश त्यातून आरपार जातो आणि ते आपल्यातून आरपार जातं. सूर्याच्या आसपासच्या अवकाशात त्याची घनता दर घन सेंटिमीटरला एका प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. समजा त्याचे कण प्रोटॉनच्या शंभरपट जड आहेत, तर तुमच्या एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीत या क्षणी तीन-चार कण असतील, आणि ते सेकंदाला दोनशेहून अधिक किलोमीटर वेगाने निघूनही जात असतील.

असा कण पकडण्यासाठी मोठमोठे प्रयोग चालू आहेत. अमेरिकेत साउथ डाकोटामधल्या एका जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, 'एलझेड' नावाच्या प्रयोगात १० टन द्रवरूप झेनॉन भरून ठेवलं आहे. एखादा कण झेनॉनच्या अणुकेंद्राला धडकला तर बारीकशी चमक उठेल, अशी कल्पना. आपल्या देशातही झारखंडच्या जादुगुडा युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर अशा कामासाठी प्रयोगशाळा आहे. इतक्या खोल जायचं कारण म्हणजे वरून येणाऱ्या वैश्विक किरणांची गर्दी टाळणं. आजवर कृष्णद्रव्याची खात्रीशीर चमक कुठेच मिळालेली नाही.

यात अडचण अशी की कण फार हलका असेल तर त्याच्या धक्क्याने झेनॉनचं अणुकेंद्र जागचं हलतच नाही. आणि फार जड असेल तर एकूण वजन ठरलेलं असल्यामुळे कणांची संख्याच कमी होते. मग दहा टनांच्या टाकीतून वर्षभरात मोजकेच कण जाणार, आणि गेले तरी धडकतीलच असं नाही.

आपल्या किनाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा एकट्या माणसाने टाकलेला पाग आहे. जाळं चांगलं, टाकणारा हुशार, पण एका वेळी समुद्र कितीसा कव्हर होणार? इथे रापण हवी. होडीने लांबवर अर्धगोल जाळं सोडायचं आणि पन्नास-साठ माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं, तशी. एवढी मोठी रापण माणसाला बांधता येणार नाही. पण निसर्गाने ती बांधून ठेवली आहे.

मालवण ते कुडाळ एवढा तारा

सूर्याच्या आठ-दहापट किंवा त्याहून जड ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचा गाभा स्वतःच्या वजनाखाली कोसळतो आणि बाहेरचा भाग स्फोटात उडून जातो. आत उरतो तो न्यूट्रॉन तारा. त्याचं वस्तुमान सूर्याच्या साधारण दीडपट आणि व्यास वीस ते चोवीस किलोमीटर. मालवण ते कुडाळ सरळ रेषेत जेवढं अंतर आहे तेवढाच. दीड सूर्य तेवढ्या जागेत कोंबला की त्यातलं चमचाभर द्रव्य शंभर कोटी टनांहून जास्त भरतं.

डिटेक्टर म्हणून त्याचे तीन फायदे आहेत. पहिला, टार्गेट दहा टनांचं नसून दीड सूर्याचं आहे. दुसरा, गुरुत्वाकर्षण एवढं जबरदस्त की दूरून जाणारे कणही वळून आत येतात आणि पृष्ठभागावर पोचेपर्यंत त्यांचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त झालेला असतो. त्यामुळे हलक्या कणाचा धक्काही जोरात बसतो. तिसरा, हा प्रयोग अब्जावधी वर्षं विनाखंड चालू आहे. लोडशेडिंग नाही, सबमिशनची डेट नाही.

आकडे बघा. ताऱ्यात शिरणारा प्रत्येक कण अडकतो असं धरलं, तर आपल्या परिसरातला न्यूट्रॉन तारा सेकंदाला साधारण ७० ग्रॅम कृष्णद्रव्य गोळा करील. वर्षाला होतात दोन हजारांहून जास्त टन. दहा अब्ज वर्षांतसुद्धा एकूण साठा पृथ्वीच्या वस्तुमानाच्या तीस कोटीव्या हिश्श्याएवढाच होतो. ताऱ्याच्या मानाने हे काहीच नाही. मग एवढ्याशा साठ्याचा परिणाम बाहेरून दिसेल कसा? त्याच्या तीन खुणा सांगता येतात.

पहिली खूण : ऊब

न्यूट्रॉन तारा जन्मतो तेव्हा प्रचंड तापलेला असतो. त्याच्यात नवं इंधन जळत नाही, त्यामुळे तो फक्त थंड होत जातो. गॅस बंद केल्यावर मेसमधलं भाताचं पातेलं थंड होतं तसंच. अब्ज वर्षांनी त्याचं तापमान हजार केल्व्हिनच्याही खाली जायला हवं. पण कृष्णद्रव्याचे कण प्रचंड वेगाने येऊन आदळत असतील तर त्यांची गतिज ऊर्जा उष्णतेत बदलेल. २०१७ साली पाच शास्त्रज्ञांनी हा हिशेब केला. त्यांतले एक, निर्मल राज, आता बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत. उत्तर आलं सुमारे १,७५० केल्व्हिन. म्हणजे गार व्हायला हवं असलेलं पातेलं कोमट सापडलं, तर खाली कोणीतरी निखारा ठेवला आहे असं समजायचं.

एवढ्या तापमानाची वस्तू मुख्यतः अवरक्त किरण सोडते, आणि डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेली जेम्स वेब दुर्बीण नेमकी अवरक्त किरणांसाठीच आहे. पण मालवण-कुडाळएवढी मंद वस्तू शेकडो प्रकाशवर्षांवरून दिसणं महाकठीण. 'जे २१४४-३९३३' हा साडेआठ सेकंदांत एक फेरी घेणारा म्हातारा न्यूट्रॉन तारा हबल दुर्बिणीने तपासला, तेव्हा २०१९ मध्ये एवढंच सांगता आलं की त्याचं तापमान ४२,००० केल्व्हिनपेक्षा कमी आहे. कुठे ४२,००० आणि कुठे १,७५०! शिवाय ताऱ्याला ऊब देणारी इतर कारणंही असू शकतात. म्हणून कोमट तारा दिसला की लगेच कृष्णद्रव्य सापडलं, असं म्हणता येणार नाही. उलट एखादा खूप जुना तारा अगदी गार सापडला, तर त्याचा अर्थ जास्त स्पष्ट असेल.

दुसरी खूण : हजेरी

दुसऱ्या खुणेसाठी आधी चंद्रशेखर मर्यादा आठवू. १९३० साली १९ वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले आणि त्या प्रवासात त्यांनी या गणिताला हात घातला. त्यातून पुढे असं निघालं की श्वेतबटू तारा सूर्याच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जड असेल तर तो स्वतःचं वजन पेलू शकत नाही, कोसळतो. (आपल्या वयाच्या मुलाने बोटीवर केलेलं काम आहे हे, नोंद घ्यावी!)

आता हेच लॉजिक न्यूट्रॉन ताऱ्यात अडकलेल्या कृष्णद्रव्याला लावा. अडकलेले कण धडका खात-खात वेग गमावतात आणि ताऱ्याच्या केंद्राशी साचतात. त्यांत दोन शक्यता आहेत. काही प्रकारचे कण एकमेकांना भेटले की नष्ट होऊन त्यांची ऊर्जा होते. मग साठा वाढतच नाही. पण कण नष्ट न होणारे असतील तर साठा वाढतच जातो. एक वेळ अशी येते की हा छोटा गोळा स्वतःचं वजन पेलू शकत नाही. कण जितका जड तितकी ही मर्यादा लहान, त्यामुळे पृथ्वीच्या कोट्यंशाहूनही लहान साठा पुरेसा ठरतो. गोळा कोसळतो आणि ताऱ्याच्या पोटात एक चिमुकलं कृष्णविवर तयार होतं. ते फारच लहान असेल तर हॉकिंग यांनी सांगितल्याप्रमाणे ऊर्जा सोडत विरून जाईल. नाहीतर नारळात शिरलेल्या भुंग्यासारखं ते आतून तारा खायला लागेल. ताऱ्याच्या वयाच्या मानाने बघता बघता सगळा तारा कृष्णविवर होऊन जाईल.

म्हणजे जुना न्यूट्रॉन तारा नुसता जागेवर असणं, हाच एक पुरावा झाला. हा विचार गोल्डमन आणि नुसिनॉव्ह या दोन शास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच मांडला होता. ताऱ्याची हजेरी घेणंही शक्य आहे, कारण अनेक न्यूट्रॉन तारे स्वतःभोवती फिरताना दीपगृहासारखा रेडिओ झोत फेकतात. त्यांनाच आपण पल्सार म्हणतो.

यातली एक हजेरी आपल्या राज्यात लागते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिथे ज्या पल्सारांचं टायमिंग नियमित घेतलं जातं, त्यांत 'जे ०४३७-४७१५' हा सुमारे ५०० प्रकाशवर्षांवरचा पल्सार आहे. तो सेकंदाला १७३ हून जास्त फेऱ्या मारतो आणि त्याचं वय काही अब्ज वर्षं आहे. खोडदच्या मोजणीचा मूळ उद्देश वेगळा, गुरुत्वीय लहरींचा आहे. जून २०२३ मध्ये त्यांनी युरोपियन गटाबरोबर त्याबद्दल महत्त्वाचे निष्कर्षही जाहीर केले. पण आपल्या विषयासाठी एवढंच पुरे की तो पल्सार 'प्रेझेंट सर' म्हणतोय. नष्ट न होणारे, अमुक वजनाचे आणि न्यूट्रॉनला अमुक प्रमाणात धडकणारे कण असते, तर तो एव्हाना संपला असता. तो आहे, म्हणून तसले कण नाहीत.

उलट बाजूही आहे. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राजवळ पुष्कळ पल्सार असायला हवेत, पण सापडलेले अगदी थोडे आहेत. तिथे कृष्णद्रव्यही जास्त दाट असावं. मग त्यानेच ते पल्सार गिळले की काय? की मधल्या वायूमुळे त्यांचे सिग्नल विस्कटून आपल्यापर्यंत पोचत नाहीत? गैरहजर मुलगा आजारी आहे की गावी गेलाय हे फक्त मस्टर बघून कळत नाही, तसंच हे.

तिसरी खूण : कुलाब्याचा हिशेब

गिळले गेलेले तारे ओळखायचे कसे, याचं उत्तर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये शोधलं गेलं. सुलग्ना भट्टाचार्य, बासुदेव दासगुप्ता, रंजन लाहा आणि अनुपम राय या चौघांचा लेख २०२३ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात आला. त्यातल्या पहिल्या लेखिका तेव्हा तिथे पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या.

त्यांचं लॉजिक असं. पुष्कळ न्यूट्रॉन तारे जोडीने एकमेकांभोवती फिरतात. दोघेही आतून पोखरले जाऊन कृष्णविवरं झाले तरी वस्तुमान तेवढंच राहतं, त्यामुळे फिरणं थांबत नाही. शेवटी ती एकमेकांत विलीन होतात आणि गुरुत्वीय लहरी सुटतात. अमेरिकेतल्या लायगो डिटेक्टरना या लहरी 'ऐकू' येतात. आता एरवी तारा मरून कृष्णविवर होतं ते सूर्याच्या दोन-अडीच पटींपेक्षा जडच. त्याहून हलका गाभा न्यूट्रॉन तारा म्हणून टिकून राहतो. म्हणून दीड सूर्याएवढी दोन कृष्णविवरं विलीन होताना दिसली, तर सरळ विचारता येईल की ही आली कुठून? विश्वाच्या जन्माच्या वेळीच अशी हलकी कृष्णविवरं तयार झाली असतील, ही दुसरी शक्यता आहे. पण विश्वाच्या वेगवेगळ्या काळात अशी विलीनीकरणं किती झाली हे मोजलं तर दोन्हींत फरक करता येईल, असं यांतल्याच तिघांनी २०२१ मध्ये दाखवलं होतं.

ई अँड टीसीवाल्यांसाठी थोडं. लायगोच्या चार किलोमीटर लांब भुजेत या लहरींमुळे होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा असतो. नॉइजमध्ये बुडालेला असा सिग्नल ओळखायला मॅच्ड फिल्टरिंग वापरतात. अपेक्षित सिग्नलचे साचे आधी बनवायचे आणि डेटाशी एकेक करून ताडून पाहायचे. या पद्धतीवर पुण्याच्या आयुका संस्थेत प्रा. संजीव धुरंधर यांनी लायगो उभं राहण्याच्या आधीपासून काम केलं. जोडी जितकी हलकी तितका सिग्नल लांब चालतो. सप्टेंबर २०१५ मधला पहिला, जड कृष्णविवरांचा सिग्नल सेकंदाच्या काही अंशात संपला होता. ऑगस्ट २०१७ मधला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांचा सिग्नल शंभरेक सेकंद टिकला.

लायगोच्या एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या तिसऱ्या फेरीत अशा हलक्या कृष्णविवरांचं एकही खात्रीशीर विलीनीकरण सापडलं नाही. टीआयएफआरच्या गटाने हे 'न सापडणं'च इनपुट म्हणून घेतलं. फार जड आणि नष्ट न होणारे कण न्यूट्रॉनला किती प्रमाणात धडकू शकतात, यावर त्यांनी त्यातून वरची मर्यादा काढली. लायगोचं निरीक्षण पुरेसा काळ चालू राहिलं, तर पृथ्वीवरच्या टाक्यांना कधीच गाठता येणार नाही इतक्या क्षीण धडकांपर्यंत ही पद्धत पोचेल, आणि आकाशगंगेच्या केंद्रातले पल्सार कृष्णद्रव्यानेच गिळले का, याचाही निकाल लागेल, असं त्यांचं म्हणणं आहे.

त्यांनी लेखात अटीही स्पष्ट लिहिल्या आहेत. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या किती जोड्या दर वर्षी विलीन होतात हा आकडाच अजून नीट माहीत नाही, आणि तो बदलला तर मर्यादाही बदलते. दुसरी अडचण ओळख पटवण्याची. ऑगस्ट २०१७ च्या घटनेत लहरींपाठोपाठ १.७ सेकंदांनी गॅमा किरण आले, नंतर प्रकाश दिसला, रेडिओ लहरी जीएमआरटीनेही टिपल्या. म्हणजे तिथे नक्की द्रव्य होतं, निव्वळ कृष्णविवरं नव्हती. पण एप्रिल २०१९ च्या घटनेत नेमकी दिशा कळली नाही. जवळजवळ पाचवा हिस्सा आकाश शोधावं लागलं आणि प्रकाश काही मिळाला नाही. तेव्हा ते न्यूट्रॉन तारेच होते का, याची डोळ्यांनी खात्री करता आली नाही. इथे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याच्या लायगो-इंडियाचं महत्त्व कळतं. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पृथ्वीच्या या बाजूला एक डिटेक्टर आला की घटनेची दिशा कितीतरी अचूक सांगता येईल आणि दुर्बिणी वेळेत तिकडे वळवता येतील.

मग हाती काय लागलं?

'एवढे कोटी घालून काहीच सापडलं नाही, मग उपयोग काय?' हा प्रश्न हॉस्टेलच्या कट्ट्यावर येणारच. प्रश्न चुकीचा नाही. पैसा लोकांचा आहे.

त्याचं उत्तर मला रापणीतच सापडतं. रापण ओढली आणि रिकामी आली, तर दोन अर्थ निघतात. जाळं फाटकं असेल तर रिकामी रापण काहीच सांगत नाही. पण जाळं धड असेल, त्याची आस म्हणजे भोकाचा आकार माहीत असेल आणि किती किनारा घेरला हे माहीत असेल, तर छातीठोकपणे सांगता येतं की या भागात आज त्या आसेत अडकण्याएवढा मासा नव्हता. दुसऱ्या दिवशी कुठे आणि कुठलं जाळं टाकायचं हे त्यावरून ठरतं. वर सांगितलेल्या सगळ्या मेहनतीचा मोठा भाग हाच आहे : जाळं धड आहे हे सिद्ध करणं आणि आस मोजून ठेवणं. टीआयएफआरच्या लेखातल्या अटी म्हणजे त्या आसेची नोंद.

आपल्याकडे प्रॅक्टिकलला रीडिंग शून्य आलं की पटकन शेजारच्या बॅचची जर्नल शोधली जाते, कारण शून्य म्हणजे प्रयोग फसला असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इन्स्ट्रुमेंट नीट आहे, लीस्ट काउंट माहीत आहे आणि तरी शून्य आलं, तर ते रीडिंग आहे. ते तसंच लिहायला हवं. कृष्णद्रव्याच्या शोधात आज पुढे जाणारी माणसं नेमकं हेच करत आहेत.

हे सगळं प्रत्यक्ष बघायचं असेल तर दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं आणि दुर्बीण लोकांना पाहता येते. शाळांची मुलं बसेस भरून येतात. आपल्या कॉलेजची इंडस्ट्रियल व्हिजिट दर वेळी त्याच त्या कारखान्यात नेण्याऐवजी एकदा तिकडे न्यायला काय हरकत आहे? सरांनी मनावर घ्यावं, ही नम्र विनंती!